वजनकाटा, घान्झी

गाडी माझ्या शेडमध्ये आली तेव्हा
दारावरचा पशुवैद्यक खात्याचा शिक्का कुणीतरी खरवडलेला होता,
तरी उन्हात तिरकं पाहिलं की दिसायचा,
ओल्या फडक्यानं पुसलेल्या फळ्यावरच्या गणितासारखा.
चौऱ्याण्णवची हायलक्स. जन्मभर
लाळ-खुरकुताच्या लसी वाहिलेली.

रा मोथिबेदी म्हणाले, केलेबोन्ये,
हिला मखाडिखाडीपर्यंत न्यायचंय.
एकतीस वर्षं भूगोल शिकवला त्यांनी, मलाही.
कालाहारीच्या वर, उजव्या हाताला,
खडू आडवा धरून मिठाचं मैदान भरायचे
आणि पुढच्या बाकावरच्या पोरी शिंकायच्या.
स्वतः कधी गेले नव्हते.

मागच्या पाट्यांना एकेक पान वाढवलं.
हौद्याखाली साठ लिटरची जादा टाकी;
ओफेन्त्से सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवायचा,
बुडबुडा दिसला की ओरडायचा,
मी पुन्हा मुखवटा खाली ओढायची.
दोन स्टेपन्या. जॅकखाली ठेवायला बाभळीची फळी.
रेडिएटरपुढे बारीक जाळी.

वाळूला लोक उगाच भितात.
वाळूत गाडी रुतते, एवढंच.
टायरची हवा सोडा, फावडं घ्या, चार शिव्या घाला, निघते.
गवताला भ्या.
त्याचं बी जाळीत दाटतं, इंजिन तापतं,
आणि सायलेन्सरवर साचलेलं कुसळ
चहा उकळेपर्यंत
गाडीची राख करतं.
हे मी तीनदा सांगितलं.
त्यांनी वहीत लिहिलं, खाली रेघ मारली,
मग पट्टी शोधून ती सरळ केली.

शनिवारी गुरांच्या लिलावाच्या आवारात
गाडी काट्यावर चढवली, एका भुऱ्या वळूच्या मागोमाग.
फ्रिज होता, दुसरी बॅटरी, छतावर तंबू,
घडीचं टेबल, दगड फोडायचा हातोडा, पाणी.
काटेवाल्यानं चिठ्ठी फाडली:
दोन हजार सहाशे सत्तर.
सत्तावीसशेच्या आत! रा मोथिबेदी खुलले,
परीक्षेत पोरगं काठावर निघालं की खुलायचे तसे.

तेवढ्यात झाडाखालून म्मा मोथिबेदी उठल्या.
आठवडाभर त्या चकार शब्द बोलल्या नव्हत्या.
दार उघडलं, आत बसल्या, पिशवी मांडीवर घेतली.
हं, आता करा म्हणाल्या.

दोन हजार सातशे छप्पन्न.

व्यापारी हसले. वळूचा मालक तर कठड्याला धरून हसला.
तू नको म्हणाली होतीस ना?
तुम्ही विचारलंत कधी? सांगितलंत.

छप्पन्न किलो काढायचे होते.
त्या खाली उतरल्याच नाहीत, नुसती हनुवटी हलवायच्या,
आणि फ्रिज गेला. बॅटरी गेली. टेबल गेलं.
हातोडा त्यांनी आपणहून काढला,
हातात तोलला, धुळीत ठेवला.
दुसऱ्या स्टेपनीकडे त्यांची नजर वळली
तेव्हा मी मध्ये उभी राहिले.
पाण्याचं नाव कुणी काढलं नाही.
मांस वाळवून नेऊ, माझी आजी काय फ्रिज घेऊन फिरायची?
असं म्मा काचेतून म्हणाल्या
आणि काच वर केली.

फ्रिज आता माझ्याकडे आहे.
ओफेन्त्से त्यात आल्याचं पेय ठेवतो
आणि वेल्डिंगच्या काड्याही ठेवतो,
का ते विचारायचं राहून गेलंय.

अकराव्या दिवशी ग्वेताहून फोन आला.
वाऱ्यात अर्धे शब्द उडून जात होते.
जाळी रोज मीच झाडते, म्मा म्हणाल्या,
यांच्या हातात वही असते.
आणि ऐक गं, ते पांढरं नाहीये.
मग कसं आहे?
राखाडी. कडेला गुलाबी, बोकडाच्या कानासारखं.
कालपासून हे गप्पच आहेत.
सकाळी उकिडवे बसले, बोट लावून चाखलं,
मग मलाही दिलं चाखायला.

मी म्हटलं, डाव्या पाट्याचे बोल्ट आवळून घ्या,
नवं पान पहिल्या हजारात बसतं.
त्या म्हणाल्या, थांब,
आणि लांब कुठेतरी, वाऱ्याच्या अंगानं,
सर, पाना आणा, असं ऐकू आलं.