पट्टी : द्रुपदाबाईंचं बोट

लॅमिंग्टन रोडवर घेतलेली, काटकोनी,
एक सेंटीमीटर काळा, एक पांढरा,
बिनचकाकीची, कारण उन्हात आकडे फुटतात.
पोलिसात आहात का, दुकानदाराने विचारलं.
नाही, मी गोगलगायी मोजते.
त्याने वीस रुपये कमी केले.

त्याआधी पाच रुपयांचं नाणं ठेवायचे शेजारी.
सर म्हणाले, टांकसाळीचा काय भरवसा,
तीस वर्षांनी फोटो पाहणाऱ्याला
पाच रुपये केवढे होते ते कसं कळणार?
मला आजही नीटसं कळत नाही, पण बोलले नाही.

पट्टी प्राण्याच्या पातळीत हवी.
लेन्स बरोबर डोक्यावर.
पट्टीची सावली त्याच्या अंगावर पडता कामा नये.
एवढं पाळलं
की वस्तू असते तेवढीच दिसते.
एरवी वरळीच्या खडकावर आडवं पडून पाहा,
डबक्यातली मुगाएवढी शिंपली
आणि पलीकडचा चाळीस मजली टॉवर
एकाच उंचीचे येतात.
माझ्याकडे तसा एक फोटो आहे.

माघी पुनवेची सुकती, संध्याकाळचे पावणेसहा.
पट्टी हातातून सुटली, भेगेत गेली.
आत कुठेतरी टक् वाजलं, मग पाणी.
आणि समोर ती. निळी,
कडेला हळदीची रेघ,
आठ वर्षांत कधी न दिसलेली.
पर्समध्ये नाणंही नाही, सगळं हल्ली फोनवर.

द्रुपदाबाई टपके दोन हातांवर कालवं फोडत होत्या.
कोयती ठेवली, हात लुगड्याला पुसला
आणि डावी तर्जनी डबक्यात सोडली.
घे. याच्यावर मोज.
मंग ह्याला मोज सावकाश, मी कुठं पळतंय.

हलू नका, असं मी म्हटलं नाही.
हलल्या नाहीत.
पाणी त्यांच्या घोट्याला लागलं तरी नाही.
ती निळी चालत आली, नखाला हुंगून
वळली.
अकरा फोटो.

मग कोळीवाड्यात, नातवाच्या कंपासमधली पट्टी.
टोकापासून पहिल्या घडीपर्यंत दोन पूर्णांक चार.
रुंदी एक पूर्णांक सात.
नखाचा कोपरा नाही, तो कोयतीने नेला,
थोरल्याच्या हळदीच्या आदल्या दिवशी,
तेही लिहून घे म्हणाल्या.
मी लिहून घेतलं.

अहवालात सरांनी ती ओळ खोडली.
प्रमाण म्हणजे पुरावासुद्धा, सर, मी म्हटलं.
ते म्हणाले, बोट सुजतं.

खरंच सुजतं.
यंदा गेले तर पेर लिंबासारखं झालेलं,
कालवं आता सून फोडते.
पिशवीत नवी पट्टी होती, दोऱ्याने मनगटाला बांधायची.
काढली नाही.
फोटो तेवढा दाखवला, मोठा करून छापलेला.
खूप वेळ पाहिला त्यांनी, लांब धरून, मग जवळ.
निळीबद्दल एक अक्षर नाही.
नख केवढं काळं दिसतंय गं, म्हणाल्या,
सांगितलं असतंस तर धुऊन आले असते.