कोवळी पानं आधी

मार्चमध्ये मी गिरमिट घेऊन येते.
तीस सेंटिमीटर, मग साठ, मग नव्वद.
एका भोकाच्या तीन पिशव्या, लगेच बर्फाच्या पेटीत;
ऊब लागली तर मातीतले जीव
गाडीतच कामाला लागतात
आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत
आकडा दुसऱ्याच कुठल्या शेताचा झालेला असतो.

लुसाशियाची ही रेताड जमीन.
हिच्या मुठीत काही राहत नाही.

मेमध्ये हांजा ब्रिच्कोवांचा फोन आला,
"रेपसीड फुललंय, पण पांढरं.
धुवून धुवून विटलेल्या झग्यासारखं."
यूरीनं युरिया टाकला होता. मग आणखी एकदा.
हिरवं होईना म्हणून तिसऱ्यांदाही.

मी बांधावर बसून त्यांना पानं दाखवली.
बघा, नत्र कमी पडलं
तर खालची, जुनी पानं आधी पिवळी होतात.
आपल्यातलं सोडवून ती वर पाठवतात,
शेंड्याला.
गंधकाचं तसं नाही.
जुन्या पानात ते एकदा मुरलं की मुरलं,
देठापाशी येऊन अडतं,
आणि वर कोवळी पानं
भरल्या घरात उपाशी.

यूरीनं शेंडा खुडला, उलटापालटा केला.
"मग माझा युरिया कुठे गेला?"

गंधकावाचून झाडाला नत्र पचत नाही, मी म्हटलं.
न पचलेलं पावसाबरोबर खाली गेलं.
तिसऱ्या पिशवीत सापडेल, नव्वदवर,
मुळांच्या हाताबाहेर.
थोडं त्या खोलगट कोपऱ्यात, जिथं पाणी साचतं,
तिथल्या जीवांनी श्वासासाठी वापरलं
आणि वाऱ्यावर सोडून दिलं.
उरलेलं
हांजाबाईंनीच पुरं केलं: "विहिरीत."
नातीच्या दुधासाठी त्या आता
गावातून बाटल्या आणतात.

आमच्या वेळी गंधक कुणी विकत घेत नव्हतं, त्या म्हणाल्या.
तीन चिमण्या होत्या, त्या रांगेत, बर्चच्या मागे.
दोरीवरची चादर दुपारपर्यंत राखाडी व्हायची.
पावसानं कोबीच्या पानांना भोकं पडायची,
टेकडीवरची स्प्रूस उभ्याउभ्या वाळली.
आणि रेपसीड?
रेपसीड असं पिवळं की बघवत नसे.

मग दोन चिमण्या पाडल्या.
एक राहिली, तिला धुवायला शिकवलं.
आभाळ निवळलं. चादरी पांढऱ्या.
यूरीची छाती तेवढी निवळली नाही,
ती अजून जुन्या हवेचं खातं चालवते.
आणि आभाळानं शेताला
न मागता जे दिलं होतं
ते न सांगता थांबवलं.

सप्टेंबरात ट्रक आला.
उरलेल्या चिमणीचा धूर चुनखडीत धुतात,
त्याची जिप्सम होते, ओलसर, पिठासारखी.
हांजाबाईंनी बोटावर घेतली, वास घेतला.
"हिला तर मी ओळखते," म्हणाल्या,
"हिच्यापायी किती साबण गेला माझा.
आता पावती फाडून येते होय!"
ड्रायव्हरला सोर्बियन कळत नव्हतं.
तो नुसता हसला आणि सही मागितली.

हीसुद्धा टिकायची नाही, मी बजावलं.
रेती आहे, पाऊस आहे,
हिवाळ्यात गंधकही नत्राच्याच वाटेनं उतरतं.
थोडी थोडी द्या. क्लोव्हर पेरा मधे.
जमीन उघडी ठेवू नका.
यूरी "हो हो" म्हणाला,
डॉक्टरला म्हणतात तसं.

आज पुन्हा मार्च. पुन्हा तीन पिशव्या.
आकडे आठवड्यानं येतील, मी काहीच सांगू शकत नाही.
पण हांजाबाई थांबायला तयार नाहीत.
परसातल्या वाफ्यात त्यांनी
एक फावडं जिप्सम गुपचूप टाकली होती,
ईस्टरच्या त्या पांढऱ्या तिखट मुळासाठी.
तीन वर्षं त्याला झणका नव्हता,
किसा, खा, शेजारणीशी बोलत राहा, काही नाही.

दाराशी उभ्या राहून त्या किसतात.
पहिल्या चार फेऱ्यांत काहीच होत नाही.
मग यूरी खुर्ची मागे सारतो, खोकतो,
बाहीनं डोळे पुसतो,
मी पेटीचं झाकण तसंच हातात धरून
नाक दाबते.

"आलं," हांजाबाई म्हणतात,
"बर्फ वितळतोय तुझा."