समोर कोणी नाही

कुटाइसीच्या तंत्रशाळेचं तळघर,
डिसेंबर. हीटर एकच, तोही नेस्तानच्या पायाशी.
आकडे मी लिहिते.
भिंत : बेचाळीस. पुन्हा भिंत : एकेचाळीस.
झुराब फुटपट्टी घेऊन गुडघ्यांवर. त्याच्या मते चाळीस.
भांडण दोन सेंटिमीटरचं, आवाज पार जिन्यापर्यंत.

यंत्र बुटाच्या खोक्याएवढं.
पुढे दोन गोल डोळे.
डोळे कसले, एक तोंड आणि एक कान :
तोंड हाक घालतं,
कान ती परतायची वाट बघतो.

पत्रा दिसला. काच दिसली. पाण्याची बाटलीसुद्धा.
मग किल्ल्या वाजवत पहारेकरी आले,
नमद्याचे बूट, घोट्यापर्यंत लोकरीचा कोट,
आणि दारातच थांबले.
पडद्यावर : समोर कोणी नाही.
गाडी थेट त्यांच्या पायांवर.

आम्ही हसलो. मग झुराबने तार बदलली,
नेस्तानने डाग पुन्हा दिला.
तरी कोणी नाही.
हाक लोकरीत शिरते
आणि परतायचं नावच काढत नाही.

"अजून उभा राहू?" त्यांनी विचारलं.
तीन हिवाळे हाच माणूस आम्हाला दार उघडून देतोय.
नाव मी आज विचारलं,
तेही रकान्यात काय लिहू म्हणून.
ओतार.

ते सावकाश खाली बसले, गुडघे कुरकुरले,
हातमोजा काढून
तळवा यंत्रापुढे धरला.

अडतीस.

झुराबने फुटपट्टी उचलली नाही.
मी तसंच लिहून घेतलं.