अठ्ठाविसावी वाघीण

भुसावळात जमीन कधी पूर्ण झोपत नाही.
आमच्या प्रयोगशाळेच्या मागे, चारशे पावलांवर, रूळ.
दीपनगरला कोळसा नेणारी गाडी गेली
की सूक्ष्मदर्शकाखालची काच
हिव भरल्यासारखी थरथरते
आणि माझी सकाळ वाया.

म्हणून हे टेबल.
कुणाच्या तरी ओट्यासाठी कापलेला काळा दगड,
कोपरा उडाला म्हणून स्वस्तात.
खाली ट्रकच्या सस्पेन्शनचे चार हवेचे फुगे,
प्रत्येकाच्या बगलेत एक चुंबक, एक कॉइल.

कॉइल मुनाफ वाइंडरने भरल्या.
उन्हाळ्यात केळीवाले ज्याला मध्यरात्री उठवून नेतात
जळालेल्या मोटारींपाशी, तो.
"फिरणार नाही ही?"
नाही. केसाच्या जाडीएवढी वर, तेवढीच खाली.
"मग एवढं तांबं कशाला!"
म्हणाला, आणि एकही वेढा चुकू दिला नाही.

हवा झिपरूआबांची.
छत्तीस वर्षं ब्रेक फिटर,
पाच किलोचा दाब तळहाताने सांगणारे.
सांध्यांना साबणाचा फेस लावतात,
बुडबुडा येईपर्यंत बोलत नाहीत.

नुसत्या हवेवर दगड तरंगला खरा,
पण डबक्यातल्या म्हशीसारखा:
धक्का आत्ता, उत्तर निवांत,
गाडी पार वरणगावला पोचल्यावर.
मग सगळं चुंबकांवर सोपवलं.
चपळ! पण वजन पेलता पेलता तापले,
आणि व्हार्निशचा वास
मुनाफच्या नाकाने दारातूनच पकडला.

आबा स्टुलावर बसून होते.
"हवा वझं उचलस," म्हणाले,
"चुंबकनी फक्त कान धराना."

मी तेच लिहिलं, आकड्यांत:
कॉइलवर जो भार रेंगाळेल
तो सावकाश फुग्यांत उतरवायचा,
करंट पुन्हा शून्याशी आणायचा,
पुढच्या धक्क्यासाठी हात मोकळा.
दोन ओळींना अकरा दिवस लागले.

काल रात्री पावणेदोनला चाचणी.
पाण्याचा एक पेला खिडकीत, एक दगडावर.
गाडी आली.
खिडकीतल्या पाण्यात वर्तुळांची दाटी,
दगडावरचं पाणी
आरशासारखं, वरची ट्यूबलाइट जशीच्या तशी.
मुनाफ हसला, मग गप्प झाला.

आबांनी चप्पल काढून पाय फरशीवर टेकवले,
मग हात दगडावर.
पुन्हा पाय. पुन्हा हात.
"याले तर गाडी गयी हाई समजनंच नई,"
म्हणाले, जरा दुखावल्यासारखे.

मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवला.
दगडाची रेघ सपाट होती,
पण खाली, कॉइलच्या करंटची रेघ:
तिच्यात अख्खी गाडी उतरली होती,
इंजिनाचा डोंगर, मग एकामागून एक वाघिणी,
दगडाला न कळू देता परतवलेला
एकेक हेलकावा.

आबांनी चष्मा पुसला.
बोट काचेवर ठेवून मोजू लागले,
बोट थोडं कापतंच त्यांचं हल्ली.
पंचवीस. सव्वीस. सत्तावीस.
थांबले.
तिथे रेघेला बारीक दात होते,
सारख्या अंतरावर, एक, एक, एक.

"अठ्ठाविसावी.
चाक चपटं व्हयेल शे."

टेबलाचं त्यांना काही पडलेलं नव्हतं आता.
"लाव," म्हणाले, "यार्डले फोन लाव,"
आणि अंधारात पायाने चप्पल शोधू लागले.