दवणा : शून्य मिलिमीटर

मार्केट यार्डात भल्या पहाटे
सासवडकडच्या दवण्याच्या पाच जुड्या घेतल्या.
"चैत्र सरला की ताई, आता कुणाला वाहणार?"
म्हटलं, बुरशीला.
फुलवाली हसली नाही. एक जुडी वर टाकली.

चौथ्या मजल्यावर क्लेव्हेंजर मांडला.
गोल बुडाच्या चंबूत पाला आणि पाणी,
खाली धग, वरच्या काचेभोवती नळाचं गार पाणी,
जे गुरुवारी येत नाही,
म्हणून तेल बुधवारीच काढायचं.
तीन तास. आधी वाफ, मग काचेला घाम,
मग नळीत पाण्यावर तरंगलेली
पिवळसर रेघ, नखाच्या कडेएवढी.
एवढ्या पाल्याचं एवढंच म्हणणं.

बुरशी घरचीच,
शेंगदाण्याच्या डब्यातली, मिरपुडीसारखी काळी.
लॅटिन नाव बाईंनी सांगितलं, मी तिला काळीच म्हणते.
बटाट्याच्या अगारवर दोन दिवसांत अशी पसरली
जसा सातबारा तिच्याच नावावर.

गुंजाळमामा ताटल्या धुतात. मानेवर गजकर्ण.
"ओव्याचं उरलं तर दोन थेंब द्या की."
मामा, काच वेगळी, कातडी वेगळी.
"माहितंय," म्हणाले,
"काचेला खाज येत नाही."
ह्याला माझ्या प्रबंधात कुठेच जागा नाही.

शनिवारी पट्टी घेऊन बसले.
ओवा : चकतीभोवती सारवल्यासारखं अंगण,
बावीस मिलिमीटर.
गवती चहा सोळा.
निरगुडी आठ, तेही ओढूनताणून.
दवणा :
काळीने चकतीवरच ठाण मांडलेलं.
ताटली उलटी धरली, खिडकीशी नेली,
दुसरी पाहिली, तिसरी पाहिली.
इनामदारबाई मागून म्हणाल्या,
"शून्यसुद्धा पेनानेच लिहायचं."
लिहिलं. शाई जरा फुटली.

कोथरूडच्या बसमध्ये उभी होते.
पिशवीत ती वरची जुडी, सुकून खडखडीत.
शेजारच्या सीटवरच्या बाई,
मांडीवर दवाखान्याची फाईल,
एकदम वर बघून म्हणाल्या,
"दवणा? आत्ता?"
मी पिशवीचं तोंड उघडून त्यांच्यापुढे धरलं.
त्या वाकल्या.
कंडक्टर नळ स्टॉप, नळ स्टॉप ओरडला,
दार उघडलं, मिटलं.
त्या पौड फाट्याला उतरल्या,
आणि उलट्या चालत गेल्या.