आवक क्रमांक

पहिल्यांदा लक्षात आलं चांगुणामावशीच्या,
जिला वाचता येत नाही.
फरशी पुसता पुसता थांबून म्हणाली,
सिस्टर, ह्या बाटल्या मी रंगावरनं ओळखायची.
पाण्याची निळी, पोटॅशियमची लाल.
नव्या खोक्यात दोन्ही निळ्याच आल्यात.
आता तुम्ही आण म्हणालात, तर मी काय आणू?

मी हसले.
म्हटलं, आम्हाला वाचता येतं, मावशी.

तिसऱ्या रात्री, पावणेचार.
शिवडीकडची खिडकी उघडी, खाडीचा वास आत.
बावन्न खाटा, जमिनीवर आणखी नऊ,
मी, आणि ऋतिका मेश्राम, जिची ही सलग सातवी नाइट.
ती चौदा नंबरपाशी उभी, सिरिंज भरून.
अँटिबायोटिक विरघळवायला पाणी घेतलं होतं तिनं.
पाणी नव्हतं ते.

मी रिकामी बाटली उचलली ती सहज.
सावधपणानं नव्हे, खोटं कशाला सांगू,
केराच्या डब्यात टाकायला उचलली
आणि उजेडात अक्षरं दिसली.
ऋतिका, थांब.
इतकंच बोलले. आवाजही चढवला नाही,
शेजारचा तेरा नंबर घोरतच राहिला.

पहाटे पावणेचारला
आम्हीही रंगच वाचतो, मावशी.

मेट्रन डिमेलोंनी चहा मागवला.
त्यांनी चहा मागवला की समजावं,
काही लिहू नये असं त्यांचं म्हणणं आहे.
काही झालं नाही ना? मग?
लिहायचंच असेल तर लिही,
परिचारिकेचा हलगर्जीपणा, समज दिली.
पोरगी कंत्राटी आहे,
विषय तिथंच मिटेल.

टेबलावर पेन होतं, दोरीनं बांधलेलं,
आणि मला सात नंबर आठवली.
वर्ष सांगत नाही.
सक्शन मशीन बंद आहे हे आठवडाभर सगळ्यांना माहीत होतं.
मलाही. मी सांगितलंही होतं,
तोंडी, जिन्यात, जाता जाता.
ती गेल्यावर तिच्या मुलानं माझे दोन्ही हात धरले.
खूप केलंत सिस्टर, थँक्यू.
त्या थँक्यूचं काय करायचं
ते मला अजून कळलेलं नाही.

म्हणून लिहिलं.
हात कुणाचा होता ते लिहिलं,
तो हात किती रात्री झोपला नव्हता तेही.
दोन्ही बाटल्या कागदावर आडव्या ठेवून
कडेकडेनं पेन्सिल फिरवली, निळा रंग भरला,
खाली लिहिलं: यातलं पाणी कुठलं, कृपया कळवावे.
माझी सही.
ऋतिकाची, थरथरती, आडनाव ओळीबाहेर गेलेलं.
आणि चांगुणामावशीचा अंगठा.

आवक-जावकचा खोत म्हणाला, अंगठा कशाला?
सफाईवाल्यांचं काय काम यात?
म्हटलं, पहिली हिनं पाहिलं.
शिक्का मार. तारीख घाल. क्रमांक दे.
त्यानं दोनदा चष्मा पुसला,
मग पंख्याकडे बघत मारला शिक्का
असा, की शाई अर्धीच उठली.
मी म्हटलं, पुन्हा मार.

महिना झाला. उत्तर नाही.
माझ्या एप्रनच्या खिशात बदलीचा कागद आहे:
चर्मरोग ओपीडी, सोमवारपासून.
पोटॅशियम मात्र वेगळ्या कपाटात गेलं,
कुणाच्याही आदेशाशिवाय,
आणि कपाटाच्या कडीला
लुगड्याची लाल किनार बांधलेली.
कुणी बांधली, मी विचारलं नाही.

आज चौदा नंबर घरी गेला. इस्राफील,
दारूखान्यात जहाजं तोडणारा.
पायाची जखम भरत आलीय.
जाताना भांडला. चप्पल हरवली म्हणून
अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला.
इथं कुणाचं लक्षच नसतं, म्हणाला,
माणूस मेला तरी कळायचं नाही तुम्हाला.

बघते, म्हटलं.
वाकून खाटेखाली पाहिलं.
एक सापडली.