याव बेक्कु बेकु

उंदरांनी खळीच्या वासानं ताणा कुरतडला,
एका रात्रीत शंभरावर दोरे,
आणि शनिवारी शेटजीला साड्या द्यायच्या होत्या.
म्हणून मांजर.
माया वगैरे काही नव्हती, आधीच सांगतो.

खासबागेत नीलव्वा मांजरं सांभाळते.
तीस वर्षं इस्पितळात आया होती.
आता मागच्या पत्र्याच्या खोलीत एकोणीस मांजरं,
प्रत्येकाचं कार्ड खिळ्याला टांगलेलं,
खाटेच्या पायथ्याशी टांगतात तसं.
दारातच तिनं विचारलं, "याव बेक्कु बेकु?"

मला ऐकू आलं, बेक्कु बेक्कु.
मांजर मांजर.
चाळीस वर्षं मागाजवळ उभं राहिल्यावर
कानाला जोडाक्षर झेपत नाही.
भरमू हसायला लागला.
भावाचा नातू, शाळा कन्नड, शिव्या मराठी.
"कुठलं मांजर पायजे, विचारते ती, आज्जा."

कुठलं म्हणजे, उंदीर मारणारं.

एक निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत सापडलेली,
अजून शिंकते.
एक तिरंगी, भरमूच्या खांद्यावर चढली ती उतरेना.
त्यानं तिला मनातल्या मनात सायकलच्या बास्केटात बसवलंसुद्धा.
आणि एक बोका, गोकाक रोडला ट्रकनं एक पाय नेलेला.
त्याच्या कार्डावर तिनं भरमूला वाचायला लावलं:
उंदीर, उत्तम.
मी म्हटलं, हाच.
बोक्यानं माझ्याकडं बघितलंही नाही.
कामाला लावून घेणारे बघितले असतील त्यानं.

"किती माग घरात?" नीलव्वानं विचारलं.
चार.
ती आत गेली, परातीवर पळी घेऊन आली
आणि मोजून तीनदा हाणली.

अठरा मांजरं खाटेखाली.
तीन पायांचा बोका सगळ्यात आधी.

पोत्यावर एक पांढरी झोपलेली होती,
ती झोपलेलीच राहिली.

"केळंगिल्ल," नीलव्वा म्हणाली.
हे मला न सांगता कळलं.
मग तिनं एक उलटं टांगलेलं कार्ड दाखवलं.
वडगावातच नेलेली, गेल्या वर्षी, दोन मागांच्या घरात.
चौथ्या दिवशी पळाली.
कार्ड तिनं अजून काढलेलं नाही.

खरं मला उंदीर मारणारं पायजे होतं.
मी बोक्याच्या कार्डाकडं बघत उभा राहिलो.
नीलव्वानं काही म्हटलं नाही.
तिनं टाच जमिनीवर दोनदा आपटली.
पांढरीनं डोळे उघडले, उठली,
आळोखेपिळोखे देत तिच्या पायाशी आली.

माग चालू असताना आम्ही असंच बोलावतो एकमेकांना.
फळीवर मूठ, दोनदा.
चहा आला. दोरा तुटला. पोरगी झाली.
सगळं दोन ठोक्यांत.

भरमू घरापर्यंत माझ्याशी बोलला नाही.
अजून रविवारी खासबागेत जातो,
खिशात बटर घेऊन,
ती तिरंगी अजून कुणी नेली नाही म्हणतो.
बोक्याचं मी विचारत नाही.
निघताना तो खाटेखालून अर्धा बाहेर आला होता.

पांढरी तिसऱ्या मागाखाली झोपते,
जिथं फरशी सगळ्यात जास्त थरथरते.
सव्वा महिना झाला, एक उंदीर मारलेला नाही.
परवा एक तिच्या शेपटीजवळून गेला,
दोघांनी एकमेकांना जाऊ दिलं.
मी शनिवारच्या बाजारातून पिंजरा आणलाय, नव्वद रुपयांचा.
नीलव्वाला सांगितलेलं नाही.

कधी दुपारी वीज जाते.
चारी माग एकदम थांबतात.
फरशी गप्प होते
आणि ती दचकून उठते,
इकडं तिकडं बघते, मग माझ्याकडं.

मी टाच आपटतो.
दोनदा.